आयर्लंडमधलं घराणं शोधताना: आधी गाव, मग आडनाव

आयर्लंडमधलं घराणं शोधायला बसलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी एक चूक हमखास करतो. जनगणनेची शोधखिडकी उघडतो, ‘मर्फी’ टाकतो, काउंटी कॉर्क निवडतो आणि समोर आलेल्या मर्फींच्या पुरातून आपल्याला बरा वाटेल असा एक उचलतो. महिन्याभरात सात पिढ्यांची देखणी वंशावळ तयार होते. ती असते दुसऱ्याच कुणाची तरी.

मराठी माणूस या खड्ड्यात जरा लवकर पडतो, कारण आपल्याकडे आडनावच पत्ता सांगतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं वडिलांकडचं गाव, मालवण तालुक्यातलं वराड, आडनावातच लिहिलेलं आहे. पण त्यांच्या आईचं गाव, काउंटी वॉटरफर्डमधलं डंगारव्हन, कुठल्याही आयरिश आडनावातून कळणार नाही. तिकडे आडनाव फार तर कुळ सांगतं, गाव नाही. आणि तिकडचे सगळे जुने कागद लावलेत गावानुसार.

माझा जावई काउंटी केरीचा. नातीच्या शाळेतल्या वंशवृक्षाच्या गृहपाठापासून माझं हे खूळ सुरू झालं आणि सगळ्या चुका मी स्वतः करून बसले. त्यानंतर डब्लिन-कॉर्कमधल्या बऱ्याच मराठी घरांतल्या आयरिश सुना-जावयांची घराणी शोधून झाली, पुण्यातल्या एका कुटुंबाचे सोल्जर पणजोबाही झाले. खालचा क्रम त्यातून बसलेला आहे. तो उलटापालटा करू नका.

## तयारी: संगणक उघडण्याआधी

एक जाड वही घ्या. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: माहिती काय, ती कुणी सांगितली (किंवा कुठल्या कागदात आहे), आणि ती तुम्ही स्वतः पाहिली की ऐकली. ‘आजी म्हणायची, आपण गॉलवेचे’ ही ऐकीव माहिती. ती टाकू नका, पण कागदाच्या रांगेत बसवूही नका.

घरातून हे गोळा करा: प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, मृत्यूनंतर वाटलेली छोटी स्मरणकार्डं, परदेशातून आलेल्या पत्रांची पाकिटं (आतल्या पत्रापेक्षा बाहेरचा पत्ता मोलाचा), थडग्यांचे फोटो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला भेटा आणि ‘पूर्वज कोण’ असं विचारू नका. ‘लग्नाला कोण कोण आलं होतं?’ असं विचारा. उत्तरात नात्यांचं अख्खं जाळं येतं.

मग तीन नावं पक्की करा: पूर्वजाचं, त्याच्या बायकोचं आणि तिचं माहेरचं आडनाव. आपल्या वंशावळीत बाई बहुधा ‘पत्नी’ एवढ्या शब्दात संपते. आयरिश कागदांत तिचं माहेरचं नाव पदोपदी येतं, आणि एकाच नावाच्या दहा माणसांतून आपला माणूस ओळखायची तीच किल्ली असते.

धर्मही विचारून घ्या. सगळे आयरिश कॅथलिक असं धरून चालू नका. बराक ओबामांचे मनीगॉल गावाहून १८५० मध्ये अमेरिकेला गेलेले पूर्वज फॅल्मथ कर्नी प्रॉटेस्टंट घरातले होते, आणि त्या घराण्याच्या नोंदी मिळाल्या त्या चर्च ऑफ आयर्लंडच्या दप्तरात. कॅथलिक चर्चच्या वह्या कुणी कितीही उलटल्या असत्या तरी हाती काही लागलं नसतं.

तपासणी: पूर्वजाचं नाव, अंदाजे जन्मसाल (पाच वर्षं इकडेतिकडे चालेल), धर्म, आणि नवरा-बायको किंवा आई-वडील यांच्यापैकी एक नाव. यातलं एखादं जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा १: गावाचं नाव माणूस जिथे गेला तिथल्या कागदात शोधा

आयर्लंडचा कागद सगळ्यात शेवटी. माणूस अमेरिकेला गेला असेल तर आधी अमेरिकेतले कागद संपवा: नागरिकत्वाचे अर्ज, मृत्यूची बातमी, चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड. सरकारी कागदावर ‘जन्मस्थळ: आयर्लंड’ एवढंच लिहून कारकून मोकळा होतो. चर्चच्या नोंदीत आणि दगडावर मात्र काउंटी आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) येण्याची शक्यता बरीच असते. बॉस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. त्यांत माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जहाजाने आला, शेवटचं पत्र कुठून आलं, असं सगळं असे.

पूर्वज सैनिक म्हणून भारतात आला असेल तर आणखी बरं. ब्रिटिश लष्करात भरती होताना जन्माची पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी विचारली जाई. हे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुंबई इलाख्यात झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या चर्चकडून आलेल्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुंबई इलाख्याची १०३ वी ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स’ पलटण १८८१ मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे पलटणीचं नाव बदललं की माणूस गायब झाला, असं समजू नका.

थांबा: भाऊ-बहिणींचेही कागद पाहा. तुमच्या पणजोबांच्या मृत्युपत्रकात गाव नसेल, पण शिकागोत वारलेल्या त्यांच्या बहिणीच्या श्रद्धांजलीत असेल. गाव दोघांचं एकच.

## टप्पा २: गावाचे सहा पत्ते काढा

आयर्लंडमधल्या सगळ्यात लहान जागेला टाउनलँड म्हणतात. नावात ‘टाउन’ असलं तरी शहराशी संबंध नाही. आपल्याकडची वाडी डोळ्यांपुढे आणा. कधी दहा घरं, कधी दोन, कधी नुसतीच गवताळ टेकडी. अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड्स आहेत, आणि किलमोर किंवा न्यूटाउन या नावाची डझनांनी. म्हणून नुसतं ‘किलमोर’ मिळालं की आनंद नको.

प्रत्येक टाउनलँड एकाच वेळी वेगवेगळ्या चौकटींत बसतं, आणि प्रत्येक कागद वेगळ्या चौकटीने लावलेला असतो. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता भरा:

१. काउंटी
२. बॅरनी (काउंटीचा जुना पोटविभाग)
३. सिव्हिल पॅरिश (सरकारी पॅरिश, टप्पा ६ मधल्या ग्रिफिथच्या पाहणीसाठी)
४. कॅथलिक पॅरिश (चर्चच्या वह्यांसाठी, हिचं नाव आणि हद्द सिव्हिल पॅरिशहून वेगळी असू शकते)
५. पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीच्या कायद्यासाठी आखलेला विभाग, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा जिल्हा हाच)
६. जिल्हा निवडणूक विभाग (१९०१ आणि १९११ च्या जनगणनेसाठी)

‘टाउनलँड्स’ (डॉट आयई) या संकेतस्थळावर यातलं बहुतेक सगळं एका पानावर मिळतं. स्थळनामांच्या सरकारी कोशात, म्हणजे ‘लॉगअनिम’वर, गावाचं आयरिश रूप पाहा. ते उच्चारून बघितलं की जुन्या कागदातली चमत्कारिक स्पेलिंगं उलगडतात. ‘बॅली’ म्हणजे मूळचं ‘बाले’, वस्ती. ‘नॉक’ म्हणजे ‘क्नॉक’, टेकडी. ‘किल’ बहुधा चर्च, पण कधी कधी रानही. गावकऱ्याने आयरिशमध्ये सांगितलं, कारकुनाने इंग्रजी कानांनी ऐकलं आणि लिहिलं. स्पेलिंग एकसारखं राहील कसं?

युनियनची हद्द काउंटीची हद्द जुमानत नाही. टिपररीतल्या रॉसक्रे युनियनमध्ये शेजारच्या दोन काउंट्यांतलीही गावं होती. जन्म एका काउंटीतला आणि नोंद दुसऱ्या काउंटीच्या नावाने, हे त्यामुळे होतं. जुनी नावंही लक्षात ठेवा: किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, क्वीन्सटाउन म्हणजे कोव्ह बंदर.

तपासणी: सहाही रकाने भरले? एखादा रिकामा असेल तर त्या टप्प्यावर तुम्ही अडकणार, हे आत्ताच समजा.

## टप्पा ३: आधी १९११, मग १९०१

पूर्वज १८५० मध्येच गेला असला तरी जनगणना बघायचीच, कारण मागे राहिलेला भाऊ किंवा पुतण्या त्याच टाउनलँडमध्ये शेत करत असतो. या दोन्ही जनगणनांचे मूळ तक्ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्याआधीच्या शोधत बसू नका. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचं बहुतेक सगळं दप्तर यादवी युद्धात जून १९२२ च्या अखेरीस डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळलं. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले होते, आणि १८८१-१८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. स्वतंत्र झालेल्या २६ काउंट्यांच्या १९२६ च्या जनगणनेची शंभर वर्षांच्या गोपनीयतेची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. उत्तर आयर्लंडचे १९२६ चे तक्ते मात्र नष्ट झालेत.

शोधखिडकीत नाव टाकू नका. काउंटी, निवडणूक विभाग, टाउनलँड असं उतरत जा आणि त्या टाउनलँडमधली सगळी घरं वाचा. वीस मिनिटांचं काम आहे. शेजारी कोण हे पुढे कामी येतं, कारण लग्नं बहुधा शेजारच्या बांधावरच जुळत.

१९११ च्या तक्त्यात विवाहित बाईपुढे तीन आकडे असतात: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत. जावयाच्या खापरपणजीच्या नावापुढे होतं: ३१, ९, ७. माझ्या वहीत मुलांची नावं सहाच. म्हणजे एक हयात मूल मला सापडायचं होतं, दोन लहानपणी किंवा नंतर गेली होती, आणि लग्न १८८० च्या आसपासचं. तीन आकड्यांत पुढच्या महिनाभराची कामाची यादी मिळाली.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. तिचा नवरा १९०१ मध्ये ५७ वर्षांचा होता आणि १९११ मध्ये ७०. दहा वर्षांत तेरा वर्षं! कारण जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि आयर्लंडभर माणसं भराभर म्हातारी झाली. अशा वेळी १९०१ चं वय खरं धरायला हरकत नाही, तरी दोन-तीन वर्षांची सूट ठेवाच. वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतले उतारे मागवले होते. मूळ दप्तर जळलं, पण त्या शोधाचे कागद अभिलेखागारात राहिले. पेन्शनपायी केलेल्या त्या खटपटीतून कित्येक कुटुंबांची १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाआधीची माहिती वाचली आहे.

थांबा: काही कुटुंबांनी तक्ता आयरिशमध्ये भरला. तुमचा ‘सलिव्हन’ तिथे ‘ओ सूलेवान’च्या स्पेलिंगमध्ये बसलेला असेल.

## टप्पा ४: जन्म, विवाह, मृत्यू

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून. कॅथलिकेतर विवाहांची १ एप्रिल १८४५ पासून. ‘आयरिश जीनिऑलॉजी’ (डॉट आयई) या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांच्या प्रतिमा मोफत दिसतात: शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू. आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या सहा काउंट्यांच्या, आयर्लंडच्या फाळणीआधीच्या नोंदीही इथेच बघता येतात. बेलफास्टच्या सशुल्क संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी इथे बघा.

क्रम असा: आधी विवाह, मग मुलांचे जन्म, मग मृत्यू. विवाहाच्या नोंदीत दोन्ही वडिलांची नावं, धंदा आणि वधू-वरांची टाउनलँड्स मिळतात, म्हणजे एका पानात एक पिढी वर चढता येतं. वयाच्या रकान्यात ‘फुल’ असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की एकवीस पूर्ण. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून वराच्या गावात नोंद मिळाली नाही तर बाईच्या माहेरी जा. आणि तारखा शक्यतो लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या, आधीच्या आठवड्यांत बघा. तेव्हा लग्नसराईच असे.

जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, पण जुन्या वर्षांच्या सूचीत ते दिसत नाही. प्रत्येक प्रतिमा उघडावी लागते. कंटाळा करू नका. सूची हे दार आहे, पुरावा पानावर असतो. मृत्यूच्या नोंदीत आई-वडील नसतातच. तिथे खाली खबर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता वाचा. सून असेल, नात असेल, तीच पुढचा धागा.

एक गंमत: बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला सापडेल. घाबरू नका. नोंदणीला उशीर झाला की दंड बसे, म्हणून बाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगे. अशा वेळी चर्चची तारीख खरी.

## टप्पा ५: चर्चच्या वह्या

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हजाराहून अधिक कॅथलिक पॅरिशांच्या वह्या, साधारण १८८० पर्यंतच्या, २०१५ मध्ये मोफत ऑनलाइन ठेवल्या. या वह्या गावोगावच्या चर्चमध्ये होत्या म्हणून १९२२ च्या आगीतून वाचल्या. चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक वह्या मात्र तिथे जळल्या. पश्चिमेकडच्या पुष्कळ पॅरिशांत १८३०-४० पूर्वीचं काही नाही. वही कुठल्या सालापासून सुरू होते ते आधी बघा, नाहीतर नसलेल्या पानांवर रात्री जातील.

नावं लॅटिनमध्ये असतात. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. घरातली नोरा इथे होनोरा असते आणि अमेरिकेतली डीलिया बहुधा ब्रिजेट. जेरेमाया आणि डार्बी हा एकच माणूस असू शकतो. आडनावाचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी असतो, कधी गळतो. दोन्ही रूपं शोधा.

बाप्तिस्म्याला दोन प्रायोजक, म्हणजे धर्ममाता-धर्मपिता, असतात. ती नावं न चुकता उतरवा. ती बहुधा मावशी, काका, मामा अशी जवळचीच माणसं, आणि आईचं माहेर ओळखायला याहून चांगली खूण नाही.

## टप्पा ६: ग्रिफिथची पाहणी, म्हणजे तिकडचा सातबारा

१८४७ ते १८६४ दरम्यान कर ठरवण्यासाठी देशभर जमिनीची आणि घरांची पाहणी झाली, दक्षिणेत आधी, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात शेवटी. टाउनलँडनुसार कब्जेदाराचं नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव, क्षेत्र आणि आकारणी. कुटुंबातली बाकीची माणसं त्यात नाहीत. म्हणून ग्रिफिथपासून शोध सुरू करणं म्हणजे सातबाऱ्यावरून बारशाची तारीख काढणं.

एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तिघे असले की नोंदणाऱ्याने कंसात बापाचं नाव लिहिलंय: जॉन मर्फी (पॅट), जॉन मर्फी (टिम). मधलं नाव लावणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. कधी कंसात ‘रो’ असतं, म्हणजे लाल केसांचा, किंवा ‘बॉन’, म्हणजे गोरा.

खरं सोनं यानंतरच्या दुरुस्ती-वह्यांत आहे. सातबाऱ्याला जसे फेरफार, तशा या. कब्जेदार बदलला की जुनं नाव खोडून नवं, त्या वर्षीच्या वेगळ्या रंगाच्या शाईत, बाजूला साल. लाल शाईने खोडलेला बाप आणि वर लिहिलेला मुलगा दिसला की मृत्यूचं किंवा देशांतराचं साल जवळपास हाती येतं. उत्तरेतल्या सहा काउंट्यांच्या या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्याआधीचा काळ हवा असेल तर १८२३ ते १८३७ च्या टाइद कराच्या, म्हणजे चर्चसाठी शेतीवर बसवलेल्या कराच्या, वह्या आहेत, पण त्यांत शहरं नाहीत आणि भूमिहीनही नाहीत.

## टप्पा ७: आपलाच माणूस आहे ना?

पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. ही रीत अंदाज बांधायला उत्तम, आणि फसवायलाही. एका आजोबा पॅट्रिकचे तीन मुलगे, तिघांनी थोरल्याचं नाव पॅट्रिक ठेवलं, आणि चार वर्षांत एका वाडीत एकाच आडनावाचे तीन पॅट्रिक. मी दीड महिना चुलत पॅट्रिकच्या मागे होते. त्याची मुलं, त्याचं शेत, त्याचा मृत्यू, सगळं व्यवस्थित लावलं. मग विवाहाची नोंद उघडली आणि वडिलांच्या रकान्यात ‘डॅनियल’. आमचा बाप जॉन. वहीची अकरा पानं आडवी रेघ मारून ठेवली आहेत. फाडली नाहीत, कारण चुलत घराणंही कधीतरी लागेल.

म्हणून माणूस वंशावळीत चढवण्याआधी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: टाउनलँड, वडिलांचं नाव, आणि बायकोचं किंवा आईचं माहेर. दोनच जुळल्या तर पेन्सिलीने लिहा. आणि त्याच वाडीतल्या त्याच नावाच्या बाकी सगळ्यांना नावानिशी बाद करा: हा लहानपणी वारला, हा दुसरीचा नवरा, हा १९११ ला अजून शेजारच्याच घरात.

इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या वंशावळी शेवटी बघा, आणि त्यांतला एकही दुवा मूळ पान पाहिल्याशिवाय घेऊ नका. एकाची चूक चाळीस जणांनी उतरवली की ती चाळीस साक्षीदारांसारखी दिसते.

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आजी-आजोबांवरून नागरिकत्व मागायचं असेल तर संगणकावरच्या प्रतिमा चालत नाहीत. सरकारी नोंदणी कार्यालयाकडून पूर्ण नमुन्यातले दाखले मागवावे लागतात. दाखल्याच्या अर्जात नोंदणी जिल्ह्याच्या रकान्यात टप्पा २ मधल्या तक्त्यातला पाचवा रकाना भरायचा. काउंटीचं नाव तिथे लिहू नका.